कन्सल्टन्सीवाल्यांनो, स्लाइडवर चालू वर्ष नको, साठ वर्षं दाखवा

प्रति,
परदेशी शिक्षणाचे सर्व कन्सल्टंट, काउन्सेलर आणि हॉटेलच्या हॉलमध्ये 'स्पॉट ॲडमिशन' मेळावे भरवणारे सगळे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका बँकेत एज्युकेशन लोनचं टेबल बघते, बरीच वर्षं झाली आता. तुमच्यापैकी बहुतेकांना मी कधी भेटलेली नाही पण तुमच्याकडून आलेली फाइल मी उघडायच्या आधीच ओळखते. वर चकचकीत फोल्डर, आत ऑफर लेटर, खर्चाचा अंदाज (राहण्या-खाण्याचा आकडा हमखास कमी धरलेला), मुलाच्या मार्कशीट, वडिलांचे तीन वर्षांचे रिटर्न आणि सगळ्यात खाली तारण द्यायच्या फ्लॅटचा इंडेक्स टू, जो बऱ्याचदा आईच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असतो.

या टेबलावर बसलं ना की जगाचं इमिग्रेशन कुठल्या दिशेला चाललंय ते पेपर न वाचता कळतं. एक काळ सगळ्या फाइली अमेरिकेच्या. मग मधेच ऑस्ट्रेलियाची लाट आली आणि गेली. मग यूके, ते एकदम आटलं, मग कॅनडा कॅनडा कॅनडा, इतका कॅनडा की आमच्या शिपाईमामांना पण जीआयसी (तिकडच्या बँकेत खर्चासाठी आधीच ठेवायची रक्कम) म्हणजे काय ते पाठ झालं होतं, मग यूके परत, आणि आता जो तो जर्मनी. तुमच्या ऑफिसांच्या भिंती पण तशाच बदलतात. जिथे मेपलचं पान होतं तिथे आता ब्रँडेनबुर्ग गेट आलंय, त्याच खिळ्यावर टांगलेलं.

धंदा आहे, बदलणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. मागे तुमच्यातल्याच एकांच्या सेमिनारला आमच्या बँकेचा स्टॉल होता म्हणून मी पूर्ण वेळ बसले होते. पन्नासेक स्लाइड्स झाल्या असतील, पगार, युनिव्हर्सिटीचं रँकिंग, वर्क परमिट किती वर्षांचं, स्पाउसला काम करता येतं की नाही, सगळं होतं, आणि सगळं फक्त चालू वर्षाचं. मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं की पीआर (तिथे कायमचं राहायचा परवाना) मिळेल ना हो नक्की, तर स्टेजवरून उत्तर, "काका, पोरगं हुशार असेल तर काय अडचण आहे!" टाळ्या. अहो, हुशारीचा संबंध आहे का त्याच्याशी? पीआर मिळणार की नाही हे मुलगा हुशार आहे का यापेक्षा तो बाहेर पडेल त्या वर्षी तिथे निवडणूक आहे का, घरभाडी किती वाढलीत, यावर जास्त ठरतं, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये.

आपण नाशिकवाले, आपल्याला हे समजवायची गरजच नाही खरं तर. लासलगावला कांद्याला भाव आला की सगळे कांदा लावतात आणि कांदा निघेपर्यंत भाव पडलेला असतो. देशांच्या व्हिसाचं अगदी हेच आहे. नियम सैल झाला, बातमी पसरली, तुम्ही बॅनर लावलात, पोरं गेली, लोंढा दिसायला लागला, तिथल्या लोकांची कुरकुर सुरू झाली, नियम आवळला, आणि ज्याचा कोर्स तेव्हा अर्धा झालाय तो सापडला. फरक इतकाच की कांद्याचं नुकसान एका हंगामाचं असतं.

लोनचं किती वर्षांचं असतं ते सांगते, कारण तुमच्या स्लाइडवर हे नव्हतंच. समजा ४० लाखांचं लोन, दोन वर्षांचा कोर्स, दर वर्षी निम्मे पैसे दिले, व्याज साडेदहा टक्के. मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता भरावा न लागणारा काळ, कोर्सची दोन वर्षं आणि वर एक वर्ष. या तीन वर्षांत नुसतं साधं व्याज धरलं तरी साडेदहा लाख होतं. ते कोणी भरलं नाही तर मूळ रक्कम पन्नासच्या वर जाते आणि दहा वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला अडुसष्ट हजारांच्या आसपास. म्हणजे एकूण तेरा वर्षांची बांधिलकी. आता मला तेरा वर्षं एकसारखा राहिलेला एक तरी वर्क व्हिसा दाखवा. कुठल्याही देशाचा चालेल.

कॅनडापासूनच सुरू करू, जखम ताजी आहे म्हणून. २०१५ ला एक्सप्रेस एंट्री (पॉइंटवर पीआर द्यायची पद्धत) आली तेव्हा तिथे स्टडी परमिटवर असलेली मुलं साधारण साडेतीन लाख होती. २०२३ संपताना ती दहा लाखांच्या वर गेली. त्या एका वर्षात देशाची लोकसंख्या बारा लाखांहून जास्त वाढली, म्हणजे ३.२ टक्के, १९५७ नंतरची सगळ्यात मोठी वाढ, आणि ती जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांची. चार कोटींच्या देशात. घरं काही त्या वेगाने बांधली गेली नाहीत, टोरांटोच्या आजूबाजूला पोरं एका बेसमेंटमध्ये गाद्या टाकून राहायला लागली, आणि तिथले लोक भाड्याचा राग कोणावर काढणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तरी आमच्याकडे फाइली येतच होत्या, ओंटारियोतल्या कुठल्यातरी कॉलेजचा बिझनेसचा डिप्लोमा, बीई मेकॅनिकल झालेल्या मुलाला. मी एकदा विचारलं पण होतं एकाला, अरे तू मेकॅनिकलचा, हा कसला कोर्स घेतलास, तर म्हणाला मॅडम कोर्स नाही बघायचा, वर्क परमिट बघायचं.

आणि मग बघा किती पटापट झालं. १ जानेवारी २०२४ पासून खात्यात दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलर. त्याच महिन्यात परमिटवर कॅप, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. सरकारी अभ्यासक्रम भाड्याने घेऊन चालवणाऱ्या खाजगी कॉलेजांच्या नवीन मुलांना वर्क परमिट बंद. नोव्हेंबरमध्ये स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम (परमिट लवकर मिळायची सोय) बंद, तीसुद्धा दुपारी जाहीर करून त्याच दिवशी. पीआरचं २०२५ चं टार्गेट ५ लाख होतं ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. २०२६ साठी नवीन विद्यार्थी फक्त १ लाख ५५ हजार असं ठरलंय, आदल्या प्लॅनमध्ये हाच आकडा ३ लाखांच्या वर होता. आणि हे कोणी कट्टर इमिग्रेशनविरोधी पक्षाने नाही केलेलं, ज्या लिबरल सरकारने दार सताड उघडलं होतं त्याच सरकारने लावून घेतलं. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत तर देशाची लोकसंख्या किंचित घटली. दोन वर्षांत हा फरक!

तुम्ही म्हणाल हे कोणाला आधी माहीत असणार. मला तरी वाटतं ज्याने ऑस्ट्रेलिया लक्षात ठेवला होता त्याला माहीत होतं.

तुमच्यातले जे जुने आहेत त्यांना २००७-०८ आठवत असेल. ऑस्ट्रेलियात ज्या कामांना माणसं कमी पडतात त्यांची यादी असायची, त्यात स्वयंपाकी आणि हेअरड्रेसर होते, त्या यादीवर पीआरचे पॉइंट मिळायचे. मग काय, मेलबर्न-सिडनीत कुकरी आणि हेअरड्रेसिंगची खाजगी कॉलेजं भसाभस निघाली. आपली बीकॉम, बीएस्सी झालेली मुलं कात्री धरायला शिकत होती, ज्यांच्या घरी कधी त्यांनी चहा केला नव्हता ती कमर्शियल कुकरीचं सर्टिफिकेट घ्यायला निघाली होती. २००९ मध्ये मेलबर्नला भारतीय मुलांवर हल्ले झाले, ते सगळ्यांना आठवतं कारण टीव्हीवर दिवसरात्र तेच होतं. पण हप्ते भरणाऱ्यांच्या दृष्टीने जास्त मोठी घटना २०१० ची आहे, जी आपल्याकडे फार कोणी दाखवली नाही. फेब्रुवारीत जुनी यादी रद्द झाली, मे महिन्यात नवीन आली आणि त्यात स्वयंपाकी नाही आणि हेअरड्रेसर पण नाही. कॉलेजं धडाधड बंद पडली. मुलाचा कोर्स अर्धवट, फी गेलेली, पीआरचा रस्ता गेलेला, आणि इथे वडिलांच्या खात्यातून हप्ता चालू. ओंटारियोच्या डिप्लोमांमध्ये २०२३ ला जे चाललं होतं ते याहून वेगळं काय होतं? कात्रीच्या जागी 'ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंट', एवढंच.

ऑस्ट्रेलियाचा आलेख बाकी बघण्यासारखा आहे. कोविडमध्ये बॉर्डर बंद, पंतप्रधान मॉरिसन यांनी एप्रिल २०२० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना जवळजवळ असंच सांगितलं की स्वतःचा खर्च झेपत नसेल तर घरी जा. २०२०-२१ ला आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त. मग कामाला माणसं मिळेनात म्हणून सगळं सैल केलं, २०२२-२३ ला नेट मायग्रेशन (म्हणजे आलेले वजा गेलेले) सव्वापाच लाखांच्या वर, इतकं कधीच नव्हतं. मग परत आवळलं, विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून जुलै २०२४ ला १,६०० आणि पुढच्या जुलैला २,०००. काही डिग्र्यांसाठी शिक्षणानंतरचा वर्क व्हिसा दोन वर्षांनी वाढवला होता जुलै २०२३ ला, आणि तो वाढीव काळ जुलै २०२४ ला काढून पण घेतला! एक वर्ष जगला तो नियम. त्या एका वर्षात त्याचे बॅनर किती छापले असतील तुम्ही, सांगा बरं.

आणि तरीही मी ऑस्ट्रेलियाला वाईट म्हणणार नाही, कारण लांबून बघितलं तर हाच तो देश आहे ज्याने १९०१ मध्ये कायदा करून गोऱ्यांशिवाय कोणाला घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. थेट तसं लिहिलेलं नव्हतं बरं का, पन्नास शब्दांचं डिक्टेशन द्यायचं, युरोपातल्या कुठल्याही भाषेत, अधिकारी निवडेल त्या. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या एका प्रागच्या पत्रकाराला आत येऊ द्यायचं नव्हतं, त्याला भाषा बऱ्याच येत होत्या, तर याला स्कॉटिश गेलिकमध्ये डिक्टेशन दिलं! असला देश १९७३ पर्यंत ते धोरण पूर्ण मोडून बसला आणि आज तिथल्या दर दहा माणसांतली तीन दुसऱ्या देशात जन्मलेली आहेत, आणि २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर दुसरा नंबर भारताचा लागला. म्हणून म्हणते साठ वर्षं दाखवा. एक वर्ष बघितलं की एकतर हुरळून जायला होतं नाहीतर घाबरायला होतं.

यूकेचं तर बटण आहे, चालू-बंद चालू-बंद. २०१२ च्या एप्रिलमध्ये थेरेसा मे होम सेक्रेटरी असताना पोस्ट-स्टडी वर्क व्हिसा बंद केला, त्यानंतर काही वर्षांत तिथली भारतीय मुलांची संख्या निम्म्यावर आली (माझ्या टेबलावर तर त्याहून कमी झाली होती). मग २०१९ ला जाहीर करून जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट सुरू केला, दोन वर्षांचा. ब्रेक्झिट कशासाठी केलं होतं, तर माणसं कमी यावीत म्हणून. आणि झालं काय, युरोपातले येईनासे झाले आणि आपण, नायजेरियन, सगळे मिळून नेट मायग्रेशन २०२३ मध्ये ९ लाखांच्या वर! जो पक्ष बरीच वर्षं 'एक लाखाच्या खाली आणू' म्हणत होता त्याच्याच काळात. मग जानेवारी २०२४ पासून मास्टर्सवाल्यांना जोडीदार-मुलं न्यायला बंदी, एप्रिलमध्ये स्किल्ड वर्करची पगाराची अट २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७००, आणि जुलै २०२५ पासून ४१,७००. सरकार हुजूर पक्षाचं जाऊन मजूर पक्षाचं आलं, दिशा तीच राहिली. जून २०२५ ला संपलेल्या वर्षाचा आकडा २ लाखांच्या आसपास आलाय.

हे यूकेचं नवीन नाहीये. १९४८ ला वेस्ट इंडीजमधल्या लोकांना घेऊन विंडरश जहाज आलं तेव्हा कॉमनवेल्थमधल्या कोणालाही यायला मोकळीक होती, १९६२ ला पहिला ब्रेक, १९६८ ला केनियातल्या आशियाई लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट असून त्यांना अडवणारा कायदा काही दिवसांत पास केला, आणि चारच वर्षांनी इदी अमीनने हाकललं तेव्हा युगांडाच्या सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोकांना घेतलं पण. मधल्या काळात आपले गोव्याचे लोक पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपियन म्हणून इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन राहिले, तो रस्ता पण ब्रेक्झिटने ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. आधी गेले त्यांचं निभावलं. कागद तोच आणि माणसंही तीच, पण उशीर झाला त्यांना तो रस्ता नाही.

अमेरिकेवर मी जास्त लिहीत नाही, कारण तिथलं सगळ्यांना माहीत असतं असं सगळ्यांना वाटतं. पण एक आकड्यांची रांग स्लाइडवर टाका. अमेरिकेत बाहेर जन्मलेल्यांचं प्रमाण १८९० ला १४.८ टक्के होतं. १९१७ ला आशियाला बंदी, १९२४ ला देशवार कोटा, आणि १९७० ला ते प्रमाण ४.७ टक्क्यांवर आलं होतं. २०२३ ला परत १४ च्या वर. मधलं जे खाली गेलेलं आहे ना, ते चाळीस-पन्नास वर्षांचं आहे, एका माणसाचं अख्खं करिअर. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस नागरिक होऊ शकत नाही म्हटल्यावर आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा काढून घ्यायला लागले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित, स्वतः अमेरिकन नागरिक झालेले, त्यांच्यावर पण सरकारने केस केली. ते जिंकले, पण सगळेच वकील नव्हते.

मग तो देशवार कोटा मोडणारा १९६५ चा कायदा, आणि आपल्या मेडिकल-इंजिनीअरिंग कॉलेजांतली पहिली मोठी बॅच गेली ती त्याच्यावर. तुमच्या सेमिनारमध्ये ज्या काका-आत्यांची उदाहरणं दिली जातात ते सगळे त्या काळातले, नाहीतर एच-१बी (तिथला वर्क व्हिसा) चा कोटा २००१ ते २००३ मध्ये १ लाख ९५ हजार होता त्या काळातले. २००४ ला तो परत ६५ हजारांवर आला, पुढे अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार वेगळे मिळाले, आणि आज पण तेवढाच आहे. २०२३ च्या लॉटरीत या ८५ हजार जागांसाठी साडेसात लाखांच्या वर नोंदण्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एका शुक्रवारी जाहीर केलं की नवीन अर्जाला १ लाख डॉलर फी, आणि रविवारपासून लागू. कोणाला लागू नि कोणाला नाही हे नीट कळेपर्यंत सुट्टीवर घरी आलेल्यांनी मिळेल त्या भावात परतीची तिकिटं काढली होती. ग्रीनकार्डाला एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या लोकांची रांग दहा वर्षांहून लांब. आत्याच्या वेळी ही रांग नव्हती, हे आत्या सांगत नाही कारण तिला माहीतच नसतं. तुम्हाला माहीत असतं.

आता जर्मनी. पब्लिक युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो, ऐकायला स्वस्तच आहे आणि मला स्वतःला या फाइली बघायला बऱ्या वाटतात, लोनची रक्कम लहान असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं ठरवलं. आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ ला बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केला. सगळं दार उघडं असल्याची लक्षणं. पण हाच जर्मनी १९६१ पासून तुर्कस्तानातून कामगार बोलावत होता आणि नोव्हेंबर १९७३ ला तेलाचे भाव भडकल्यावर एका फटक्यात भरती बंद केली. १९८३ ला तर परत जाणाऱ्याला साडेदहा हजार मार्क देत होते, जा म्हणून. २००० साली आयटीवाल्यांसाठी ग्रीनकार्ड काढलं तर तिथल्या एका मोठ्या राज्याच्या निवडणुकीत 'भारतीय नकोत, आपलीच मुलं शिकवा' अशा अर्थाची घोषणा चालली (तो उमेदवार हरला, हे पण सांगायला पाहिजे). तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद २०२४ ला आली आणि २०२५ ला गेली. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत इमिग्रेशनविरोधी एएफडी वीस टक्क्यांच्या वर मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर आला. हे सगळं बॅनरच्या कुठल्या कोपऱ्यात बसवणार तुम्ही? आणि हो, आता जपानचे पण बोर्ड लागलेत. जपानने १९९० नंतर ब्राझीलमधल्या जपानी वंशाच्या लोकांना कारखान्यांत बोलावलं होतं, २००९ च्या मंदीत कामगारामागे ३ लाख येन देऊन परत जा म्हणाले. पैसे देऊन पाठवणं हे जर्मनांचंच बघून केलं की काय देव जाणे.

यापेक्षा आमची कोकणातली माणसं बरी, खेड-चिपळूणकडची, वडील कुवेतला, मुलगा दुबईला. आखातात गेलेल्या कोणाला कधी कोणी सांगितलं नाही की तू इथला होशील. काम आहे तोवर राहायचं, पैसे पाठवायचे, घर बांधायचं ते गावात. १९९० ला कुवेतवरून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी आणावे लागले, सगळं तिथे टाकून आले, ते सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण निदान हिशोब पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. तुमच्याकडून जाणारा मुलगा विद्यार्थी म्हणून जातो, कामगार म्हणून मोजला जातो आणि घरचे त्याला एनआरआय समजून बसलेले असतात, तीन वेगवेगळे हिशोब एका व्हिसावर.

मी काय 'जाऊ नका' म्हणणाऱ्यातली नाही. चांगली शिकलेली, लोन मुदतीआधी फेडून आईला तिकडे फिरवून आणलेली कितीतरी मुलं माझ्याच फाइलींतली आहेत, आणि त्यातली काही अगदी बंद होत आलेल्या दारातून गेलेली आहेत. पण ती मुलं नीट बघितलीत तर एक दिसतं, त्यांनी कोर्स स्वतःच्या विषयाचा घेतलेला असतो. व्हिसा गेला तरी डिग्री कामाची राहते, पुण्यात येऊन नोकरी लागते, हप्ता थोडा ओढून ताणून का होईना निघतो. ज्यांचं फसतं त्यांचा कोर्सच व्हिसासाठी निवडलेला असतो, आणि तो निवडून देणारे बहुतेक वेळा तुम्ही असता, कारण कुठल्या कॉलेजकडून पहिल्या वर्षाच्या फीतला किती टक्का तुम्हाला मिळतो ते काकांना माहीत नसतं.

तर मागणी साधी आहे. साठ वर्षं जमत नसतील तर प्रत्येक देशाच्या स्लाइडवर निदान मागच्या पंधरा वर्षांत वर्क व्हिसाचा नियम कधी कधी बदलला त्या तारखा टाका, एक ओळ पुरते. तुमचं कमिशन कुठल्या कॉलेजचं किती ते लेखी सांगा. 'व्हिसा वाढला नाही तर या डिग्रीवर भारतात काय पगार मिळेल' हा प्रश्न तुमच्या काउन्सेलिंग फॉर्ममध्ये घाला आणि त्याचं उत्तर मुलाकडून लिहून घ्या, पालकांसमोर. आणि जिथे एकाच कोर्सला गावातली सगळी पोरं चालली आहेत, तिथलं घरभाडं वर्षात भडकलंय, आणि वर्षा-दोन वर्षांत निवडणूक आहे, असं तिन्ही एकदम दिसलं की त्या देशाचा बॅनर लावायच्या आधी थोडं थांबा, निदान मोठ्या लोनवाल्यांना तरी थांबवा. मेलबर्नला हे तिन्ही होतं आणि टोरांटोलाही होतं.

तुमच्या पुढच्या मेळाव्याला बँकेचा स्टॉल असेलच. हप्त्याचा तक्ता मी प्रिंट काढून आणीन, तुमच्या स्लाइडच्या शेजारी लावायला जागा ठेवा.

आपली,
एज्युकेशन लोनच्या टेबलावरची मॅडम, नाशिक

ता. क. – यूकेचा ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांसाठी दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा होतोय. सप्टेंबर २०२५ ला गेलेल्यांचा रिझल्ट वेळेत लागला तर ते दोन वर्षांत बसतील. जानेवारी २०२६ च्या इनटेकची मुलं बसणं अवघड आहे, कोर्सच २०२७ उजाडताना संपतो. माझ्याकडे जानेवारीवाल्यांच्या ज्या फाइली आल्या त्यांच्या खर्चाच्या तक्त्यात सरसकट चोवीस महिन्यांची कमाई धरलेली होती. त्या पोरांना फोन करून सांगा, तक्ता तुमच्या लेटरहेडवर आहे.